बुजलं

तिसऱ्यांदा ओलं झालं तेव्हा मी डबा बदलला.
पत्र्याची पाटी होती, विश्रामबागेतून टब आणला,
कडेनं गुलाबी फुलं. चिंगळीनं तो हुंगला,
मागचा पाय झटकला
आणि आप्पांच्या कॉटखाली निघून गेली.

मग भुसा बदलला.
मग वासाची पांढरी खडी, इतकी महाग की
सन्मती म्हणाला, एवढ्यात शाळूचं अर्धं पोतं येतं.
मग जागा. मोरीजवळून जिन्याखाली,
जिन्याखालून वॉशिंग मशीनच्या मागं.
मशीन पिळायला लागलं की जमीन हादरते,
असल्या जागी कुणाला सुटसुटीत बसवेल,
हे डॉक्टर मगदूमांनी विचारेपर्यंत
माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मिरजेला नेलं होतं तिला, भाजीच्या करंडीत,
वरून ओढणी बांधून.
त्यांनी पोट चाचपलं, लघवी तपासली.
"दुखत असलं की मांजर डब्याला दोष देतं,
त्याला वाटतं, हा डबाच चावतो.
पण हिचं काही दुखत नाही.
आणि नाकबिक घासू नका फरशीवर.
तिला शिक्षा कळत नाही, फक्त हात कळतो."

मी ओढणीची गाठ पुन्हा बांधत बसले.
घासलं होतं. दोनदा.

त्या रात्री अडीचला खरखर ऐकू आली.
दिवा न लावता उठले.
चिंगळी आप्पांच्या कॉटशी
पुढच्या पंजांनी शहाबादी उकरत होती,
जिच्यातून उकरून काहीच निघत नाही.
या बाजूनं ओढायची, त्या बाजूनं ओढायची,
थांबून हुंगायची, पुन्हा ओढायची.
थारोळं तिच्यापेक्षा मोठं होतं.
एवढं मांजराच्या पोटात मावत नाही.

आप्पा भिंतीकडं तोंड करून जागे होते.
जागी पाठ वेगळी दिसते.
"मांजराचं हाय ते," म्हणाले,
"बघ की, झाकायलंय."

झाकत तर होतीच.

या माणसानं उभा जन्म हरिपूरच्या पेवांत
हळद उतरवली, हळद वर काढली.
तोंड एवढंसं, खाली पंचवीस फूट काळोख.
पेव उघडल्या उघडल्या उतरायचं नाही,
आधी कंदील सोडायचा,
तो जळत राहिला तरच माणूस.
मी नवी सून असताना हे सांगताना
त्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे असायचे.
पुराचं पाणी पेवांत शिरलं त्या सालानंतर
त्यांनी ती गोष्ट काढली नाही.

मी पोतेरं आणलं.
"होय आप्पा, मांजरच," म्हटलं.
चिंगळी माझ्याकडं बघत राहिली.

आता पाटी परत आली आहे, आत नदीकाठची वाळू,
सकाळ-संध्याकाळ उपसते.
फिनेल बंद. फिनेलनं वास लपतो, जात नाही,
आणि ती पुन्हा तिथंच चौकशीला येते.
कोमट पाणी, व्हिनेगर, वर ऊन.
शिवाय दुसरं भांडं, दांडीचं, झाकणाचं,
आप्पांच्या हाताला लागेल असं.
डॉक्टर म्हणालेत, मी सांगितलं,
एका मांजराला दोन जागा लागतात.
आप्पांनी छताकडं बघत मान हलवली.
"शाना हाय डॉक्टर."

चिंगळी त्या भांड्याकडं फिरकतसुद्धा नाही.
सकाळी ते भरलेलं असतं.
मी धुते, जागेवर ठेवते.
सन्मतीनं एकदा विचारायला तोंड उघडलं
आणि चहा प्यायला.

पहाटे त्या खोलीचं दार लोटलं
की आधी तिला आत सोडते.
उंबऱ्यावर थांबते जरा.
मग मी.

परवा फरशी कोरडी ठणठणीत होती,
तरी ती उकरतच होती, जुन्या सवयीनं.
कॉटवरून आप्पांचा हात खाली आला,
एक बोट तिच्या कण्यावरून शेपटीपर्यंत गेलं.
"पुरे गं," म्हणाले,
"बुजलं."